तीर्थाला कुणी पाणी म्हणत नाही

आई, मी बोलतेय. लिहिणारी दुसरी आहे, कारण मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे, आणि तुलाही येत नव्हतं. म्हणजे एकीनं सांगायचं, दुसरीनं लिहायचं आणि तिसरीनं वाचायचंच नाही, असा हा कारभार. लिहिणारी माझी नातसून. पुण्याची पोर, कॉम्प्युटरवर नोकरी करते, आणि मी बोलते तसं लिहीत नाही. मी ‘व्हतं’ म्हणाले की ही ‘होतं’ लिहिते. मी म्हटलं, अगं, अशा शुद्ध भाषेत माझी आई मला ओळखायची नाही, कुणी तलाठीण बोलतेय असं वाटेल तिला. तर म्हणते, “तुम्ही बोला हो आजी, बाकी मी बघते.” हे वाक्य तिच्या तोंडी बसलेलं आहे. या हिवाळ्यात तिनं खरोखरच सगळं बघितलं, आणि बघूनही जे दिसलं नाही तेच तुला सांगायला बसलेय.

मी इंग्लंडात असते हे तुला माहीत नाही. तुझा जावई गेल्यावर लेकानं मला इकडं आणलं. तो आणि सून लंडनच्या कडेला स्टॅनमोरला असतात, सकाळी ट्रेननं जातात आणि अंधार पडला की येतात. मी त्या घरात भिंतींशी बोलायला लागले होते. मग नातवाला मुलगा झाला तशी मी इकडं आले, बर्मिंगहॅमपासून तासाभरावर, नदीकाठच्या गावाला, पणतू सांभाळायला. सांभाळायला म्हणतात आपलं. चार वर्षांचा आहे, तोच मला सांभाळतो. रस्ता ओलांडताना माझा हात धरतो आणि म्हणतो, “पणजी, वेट, green man आला नाही.” मराठी बोलतो, पण त्याच्या मराठीत मांजर तो असतो आणि कुत्रा ती असते. मी सुधारत नाही. मांजराला काही फरक पडत नाही.

तर या हिवाळ्यात नदी गावात शिरली. आमचं घर चढावर, आम्हाला काही झालं नाही. खालच्या रस्त्यांवर अग्निशमनवाले रबरी होडीतून माणसं काढत होते. मी खिडकीतून बघितलं, एक म्हातारी होडीत बसून चालली होती, मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात बोका, आणि बोक्याचं तोंड असं की जणू ही कल्पना त्याचीच होती. शाळेच्या हॉलमध्ये लोकांना ठेवलं. नातू रजया घेऊन गेला. मी म्हटलं, मोठं पातेलं भरून खिचडी करते, घेऊन जा. तर म्हणे, “आजी, घरचं अन्न घेत नाहीत. कुणाला काय चालत नाही ते आधी विचारावं लागतं.” मला हसू आलं. माझ्या लहानपणी आपलं गाव पुरात बुडालं आणि आपण माळावरच्या शाळेत होतो तेव्हा कुणी विचारलं होतं का, की बाई, तुम्हाला काय चालत नाही? ओली ज्वारी भरडून दिली, ती खाल्ली. पण माझा धाकटा भाऊ त्या शाळेतून परत आला नाही.

पूर ओसरला आणि मग घरातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. जिथं पाणी शुद्ध करतात त्या जागेतच पुराचं पाणी शिरलं होतं. पिण्याचं, स्वयंपाकाचं, दात घासायचं, भाजी धुवायचं, सगळं पाणी उकळून घ्या, असा निरोप. सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये बाटल्या वाटत होते, लोक गाड्यांची रांग लावून डिकी उघडी ठेवून बसायचे. या नातसुनेनं तर घरात लष्कर उभं केलं. प्रत्येक नळाला लाल टेप. फ्रीजमधला बर्फ फेकला. उकळून गार केलेल्या पाण्याचे जग झाकून ओट्यावर, त्यांना हात लावायच्या आधी हात धुवायचे, धुतलेल्या हातांना वरून ते औषधाचं जेल. पोराच्या ब्रशजवळ वेगळी बाटली. आंघोळीत तोंड घट्ट मिटायला शिकवलं त्याला. तो गाल फुगवून, डोळे मोठे करून टबात बसायचा, बेडकासारखा, आणि बाहेर आल्यावरच श्वास सोडायचा. मी हिला म्हटलं, “तू माझ्या आईकडे नोकरीला होतीस का गं मागल्या जन्मी?”

कारण तूही तशीच होतीस. आरोग्य खात्याचा तो खाकी टोपीवाला माळावर आला तेव्हा अर्धं गाव पळालं. टोचून घेतलं की बायका वांझ होतात, विहिरीत टाकतात ते लाल औषध विलायती विष असतं, अशा वावड्या. तू गुरवाची बायको, देवळातली. तू म्हणालीस, “मी आधी दंड पुढं करते, मग बघू कोण मरतंय.” तुझं बघून आळीतल्या बायका आल्या. मी ओरडले म्हणून मला एक ठेवून दिलीस, आणि टोचल्यावर फुटाणे दिलेस. फुटाणे कुठून आणलेस त्या पुरात, मला अजून कळलेलं नाही. तुझ्या चुलीजवळ औषधाच्या विहिरीच्या पाण्याचा हंडा झाकलेला असायचा, आणि आमच्यातलं कुणी डबक्याकडे नुसतं बघितलं तरी तू फुंकणी उगारायचीस. तरीही धाकट्याला हगवण लागली. रक्ताची.

आता पणतवाचं सांगते. आधी पोट दुखतंय म्हणाला. आम्हाला वाटलं नर्सरीत जायचं नाही म्हणून. मग जुलाब, मग त्यात रक्त. नातवाला मी सांगितलं, गाडी काढ. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टरीण इतकी लहान दिसत होती, मला वाटलं हिचीच आई येऊन सांगेल काय ते. ती म्हणाली, जंतू आहे, आणि हा जंतू लहान मुलांच्या किडनीवर जातो, याच्या रक्ताचे आकडे चांगले दिसत नाहीत. लघवी होते का बघत राहायचं. झाली तर उत्तम. नाही झाली तर रक्त यंत्रातून काढून धुवावं लागेल. नातू इंग्रजीत ऐकत होता आणि मराठीत मला काहीच सांगत नव्हता, तेव्हाच मला सगळं समजलं. पोराचं तोंड सुजलेलं, डोळ्यांच्या नुसत्या फटी. त्यातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “पणजी, मी तोंड बंद ठेवला होता. Promise.”

ही तेव्हापासून एकच घोकत होती, की मी काही ठेवलं नाही, मी सगळं उकळलं. घोकायची आणि नळ आठवायची. बागेतला नळ? त्याला कुलूप. नर्सरीचं पाणी? तिथं बाटल्या. कुणाचा वाढदिवस? नाही. नातू म्हणाला, अगं, थांब आता. ती थांबायची आणि ओठ हलत राहायचे.

मग कौन्सिलची बाई आली. रोग कुठून आला त्याचा माग काढत जाणं हेच तिचं काम. नातू हॉस्पिटलात पोराजवळ होता, ही कपडे न्यायला सकाळची घरी आली होती. बाई उंच, हाडकुळी, बूट दाराशी काढून आली, मोज्याला भोक होतं, म्हणून मला आवडली. चहा घेणार का विचारलं तर आधी केटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग “येस प्लीज” म्हणाली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बसल्या. मी पलीकडे देवघराशी. देवघर म्हणजे मायक्रोवेव्हच्या वरची फळी आहे, पण देवांची तक्रार नाही, तिथं ऊब असते.

ती विचारत होती आणि ही सांगत होती. शेतावर गेलात का, प्राण्यांना हात लावला का. नो. कच्चं दूध? नो. बर्फ, सॅलड, दात घासणं? हिनं बाटली दाखवली, जग दाखवले, टेप दाखवली. बाई म्हणाली, तुमच्याइतकी काळजी घेतलेलं घर मी बघितलं नाही. तोवर माझी पूजा आटपली. पाहुणी बसलीय खरी, पण तीर्थ द्यायचं राहिलंय, आणि पोरगी हॉस्पिटलात परत निघालीय, तिला तीर्थाशिवाय कशी पाठवू? मी पंचपात्र घेऊन टेबलाशी गेले आणि पळी पुढे केली. हिनं बाईशी बोलता बोलता, मान न वळवता, उजवा हात पुढे केला. तळव्यात तीर्थ घेतलं, प्यायली, ओला हात डोक्यावरून फिरवला, आणि त्याच दमात बाईला म्हणाली, “नो, honestly, नळाचं पाणी या घरात कुणाच्या पोटात थेंबभरसुद्धा गेलेलं नाही.” म्हणजे इंग्रजीत म्हणाली. पण मला कळलं.

बाई लिहायची थांबली. “Sorry,” म्हणाली, “what was that?”

“What was what?”

“तुम्ही आत्ता काय प्यायलात?”

ही म्हणाली, “मी? मी काही नाही—” आणि मग हसली. “ओह, that. ते पाणी नाही. ते तीर्थ आहे.”

“आणि त्यात काय असतं?”

हिनं माझ्याकडे बघितलं. मी हिच्याकडे बघितलं. इतकं इंग्रजी मला येतं.

“पाणी,” मी म्हणाले.

मग बाईनं फार हळू विचारलं, हे पाणी कुठून घेता. आणि आई, आम्ही तिघींनी एकदम मान वळवून नळाकडे बघितलं. लाल टेपचा नळ. रोज आंघोळ करून मी देवाचा तांब्या त्याच नळाखाली धरत होते, हिच्या समोर, नातवाच्या समोर. एकदा माझी कंबर धरली होती तर हिनंच भरून दिला होता. टेप बाजूला सारून. त्या पाण्यानं मी देवांना आंघोळ घालायचे, तेच तीर्थ म्हणून द्यायचे. आम्ही मोठी माणसं एकेक पळी घ्यायचो, आम्हाला पोटात जरा गुरगुर, आम्ही म्हटलं वांगी बाधली. पण पोराला एका पळीनं भागायचं नाही. “One for me, one for बाप्पा, one for dinosaur,” म्हणायचा, आणि बाप्पाची आणि डायनासोरची पळीसुद्धा स्वतःच प्यायचा. त्यात तुळशीचं पान आलं तर लॉटरी. मला कौतुक. पोराला देवाची गोडी आहे म्हणून मी फोनवर स्टॅनमोरला सांगायचे.

बाई रागावली नाही. रागावली असती तर मला बरं झालं असतं. तिनं हातमोजे घातले, पंचपात्रातलं उरलेलं तीर्थ एका छोट्या बाटलीत घेतलं आणि झाकण लावलं. तुझ्या लेकीच्या हातचं तीर्थ तपासणीला गेलं बघ, काशीला काही मी पोचले नाही. मग तिनं हिला विचारलं, आणि मला विचार असं खुणेनं सांगितलं, की बाकी सगळं पाणी उकळत होतात, मग देवाचं का नाही? तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सरळ उत्तर दिलं, तिला काय, कुणालाही दिलं असतं. “उकळलं म्हणजे शिजलं. शिजलेलं पाणी देवाला चालत नाही. देवाला जितं पाणी लागतं. माझ्या आईनं…” आणि माझं वाक्य तिथं अडकलं. ही भाषांतर करायला थांबली होती. बाई थांबली होती. मी तिथं नव्हतेच.

मी माळावरून उतरतेय. हातात देवाचा तांब्या. ओढा लांब आहे, वाटेत गुडघाभर चिखल, आणि अलीकडेच पाटलाची विहीर आहे, खाकी टोपीवाल्यानं कालच तिच्यात औषध टाकलंय. पाणी कसं डाळिंबाच्या रसासारखं दिसतंय. मी आळशी, तुला माहीत आहे. मी विहिरीवरच्या बाईकडून तांब्या भरून घेते आणि उगाच जरा वेळ काढून परत येते. तू तांब्यात बघतेस. मला वाटलं होतं तांब्याच्या भांड्यात रंग कळणार नाही. तू ओंजळीत घेऊन उजेडात धरतेस. “विहिरीचं आणलंस?” “ओढा लांब आहे.” पाठीत धपाटा बसतो. “औषधाच्या पाण्यानं आंघोळ घालतेस देवाला? तो आजारी आहे का? आपल्याला औषधाचं, देवाला जितं. ध्यानात ठेव.” तू ते पाणी ओतून देतेस. आणि मी रडत रडत ओढ्यावर जाते. वरच्या अंगाला काटेरी झाडीत वाहून आलेली गुरं अडकलेली असतात, पोटं फुगलेली. मी नाक धरते, तांब्या भरते आणि घेऊन येते.

मी ध्यानात ठेवलं, आई. इतकं नीट ठेवलं की सातासमुद्रापार घेऊन आले.

वडिलांनी त्या पाण्यानं देवाला आंघोळ घातली. देवळात चिखल म्हणून देव शाळेत आणून ठेवले होते. नदी उतरली म्हणून सगळा माळ रांगेनं तीर्थाला आला. ज्यांना तू औषधाचं पाणी प्यायला शिकवलं होतंस, तीच सगळी. त्यांनी हात पुढे केले, प्यायले, डोक्यावर हात फिरवला. धाकटा वडिलांच्या मांडीवर, त्याला पहिलं. मग तो आजारी पडला तशी तू त्याला सकाळ-संध्याकाळ तीर्थ द्यायला लागलीस, आणि मधेमधेही, कारण दुसऱ्या कशाला तो तोंड उघडत नव्हता. तीर्थाला उघडायचा. तू म्हणायचीस, बघ, देवाचं तेवढं घेतोय, म्हणजे बरा होणार.

हे सगळं मी टेबलाशी उभी राहून बघितलं, हातात पळी. मग हिनं माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं. बाईनं ग्लासात पाणी ओतून दिलं, बाटलीतलं. मी प्यायले नाही. इतकी वर्षं पाणी पितेय, त्या वेळी मला ते कसं प्यायचं तेच आठवेना.

बाईला कामं होती. ती म्हणाली, गावात तुमच्या लोकांची आणखी जी घरं आहेत, त्यांना मी फोनवर विचारलं तर तेही ‘आम्ही सगळं उकळतो’ असंच सांगतील, आणि खरंच सांगतील. तिनं विचारलं, तुम्ही तुमच्या भाषेत बोलून द्याल का, लोक तुमचं ऐकतील. मी म्हटलं, माझं या घरातसुद्धा कुणी ऐकत नाही. पण हिनं फोन माझ्या तोंडापुढे धरला. मी म्हणाले, “मी म्हातारी बोलतेय. देवाला आंघोळ घालाल ती उकळून गार केलेल्या पाण्यानं घाला. तीर्थ पोटात जातं. ते पाणीच आहे. माझा पणतू हॉस्पिटलात आहे.” एवढंच. हिनं ते व्हॉट्सअॅपवर टाकलं. गावातल्या आणखी एका घरातल्या बाईनं लगेच बाईला फोन केला, की आमच्या मुलाचंही पोट बिघडलंय आणि आम्हीही हेच करतोय. मग ती क्लिप मिल्टन कीन्सला गेली, स्टॅनमोरला गेली, जिथं ना पूर ना काही. लेकाचा फोन आला, आधी रडला, मग म्हणाला, “आई, हिनं देवासाठी वेगळी केटल आणलीय.” आणि एका गृहस्थांचा फोन आला, आवाज असा की पंचा नेसूनच बोलत असावेत. “आजी, गैरसमज नको, पण उकळलेलं पाणी पूजेला शास्त्रात बसत नाही.” मी म्हटलं, “मला वाचता येत नाही हो, तुम्हाला येतं. तेव्हा तुम्हीच जरा बघून सांगा, मुलाची लघवी बंद झाली तर काय करायचं ते शास्त्रात कुठल्या पानावर आहे.” त्यांनी नमस्कार म्हणून फोन ठेवला.

मग मी हॉस्पिटलात पोराच्या वॉर्डात जाऊन बसले, तिथं बसायला खुर्ची देतात. ही एका बाजूला, नातू एका बाजूला, मी पायाशी. पलंगाला एक मापाची बाटली लटकवलेली. आई, आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींची वाट बघितली, पावसाची, टपालाची, तुझ्या जावयाच्या शहाणपणाची, पण कुणाच्या मुतण्याची अशी वाट कधी बघितली नाही. नर्स यायची, बाटलीकडे बघायची, हसून जायची, आणि ते हसणं कशाचं ते आम्ही तिघं आपापसात ठरवत बसायचो. ही माझ्याशी बोलत होती, चहा आणून देत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मग एकदा नातू खाली गेला असताना म्हणाली, “आजी, तांब्या मीही भरून दिला होता.” मी म्हटलं, “पळी माझ्या हातात होती.” ती म्हणाली, “तांब्या माझ्या.” आम्ही भांडलो चक्क, कुणाची चूक मोठी म्हणून, दबक्या आवाजात, शेजारच्या पलंगावरच्या बाईनं पडदा ओढून घेतला. त्यानंतर मात्र ती माझ्याकडे बघायला लागली.

लघवी झाली. चमचाभर, चहाच्या रंगाची. नातवानं ती बाटली उजेडात अशी धरली जणू शाळेतलं बक्षीस. मग आणखी झाली, मग रंग फिका झाला, मग एका दुपारी त्यानं सगळी गादी भिजवली आणि नर्सनं चादर बदलता बदलता त्याला “good boy” म्हटलं. यंत्राची गरज पडली नाही. तपासणीचं उत्तरही आलं, तोच जंतू बाटलीतल्या तीर्थात होता. बाईनं स्वतः येऊन सांगितलं. आता पोर घरी आहे. पाय काडीसारखे झालेत, पण तोंड चालू आहे. परवा पूजा झाली आणि हा नेहमीसारखा हात पुढे करून उभा. पाणी उकळलेलं होतं, दोनदा उकळलेलं, मी केटलीसमोर उभी राहून बघितलं होतं. तरी पळी उचलेना. आधी मी स्वतः घेतलं. मग हिनं घेतलं. तो म्हणाला, “तुम्ही सगळा संपवला.” मग दिलं एकदाचं. देवाला शिजलेलं पाणी चाललं की नाही ते माहीत नाही. त्याचा फोन आलेला नाही.

आणि आता तुझं. धाकट्यानंतर तू पुष्कळ जगलीस. भाकरी थापता थापता मध्येच थांबायचीस आणि विचारायचीस, “माझं काय राहिलं गं?” कशाचं ते सांगावं लागायचं नाही. टोचून घेतलं, लाल पाणी पाजलं, राखेनं हात धुतले, माशी बसू दिली नाही, मग काय राहिलं? वडिलांना विचारायचीस, ते म्हणायचे देवाची इच्छा. देवाची इच्छा तुला पटायची नाही, गुरवीण असून. माझं लग्न झालं, तू माझ्याकडे बाळंतपणाला आलीस, माझं मूल न्हाऊ घालताना विचारलंस. शेवटी माझ्याकडेच होतीस, दिसत नव्हतं, तेव्हाही विचारलंस. मी दर वेळी म्हणायचे, काही नाही राहिलं, आई, तू सगळं केलंस. आणि मी ते समजूत घालायला म्हणत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं.

इथं ही लिहायची थांबलीय. नाक ओढतेय. म्हणते, “आजी, असं नक्की सांगता येत नाही हो. तेव्हा तपासणी कुठं होती? पुराच्या पहिल्या दिवशी काही प्यायला असेल, दुसरंच काही असेल.” मी म्हटलं, तेही लिही. तेही खरं आहे. नक्की कुणालाच सांगता येणार नाही. हिला आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, वाईट का होईना, आणि मूलही मिळालं. तुला दोन्ही मिळालं नाही.

ही विचारतेय, हे कुठं ठेवू. मी म्हटलं, ठेव तुझ्या कॉम्प्युटरमध्ये, मला काय त्यातलं कळतंय. धाडायचं तर नाहीच. तू गेल्यापासून ‘आई असती तर’ हे माझ्या तोंडी कायम असतं, हे घरात कुणालाही विचार. सणाला, बारशाला, साधं लोणचं मुरलं तरी. पण त्या सकाळी टेबलाशी बसले होते, समोर पाण्याचा ग्लास, आणि मनात आलं की आता तू असतीस तर तो प्रश्न विचारलाच असतास, आणि मला तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. तेव्हा मला बरं वाटलं, आई, की तू नाहीस. पहिल्यांदाच वाटलं.